उपासांनी वाढलेलं अंग

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जागोजागी चुकणार, आणि अक्षर तर जाडंभरडं, भरड दळलेल्या कण्यांसारखं. कुणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं. तोंडाने मला हे कधी कुणाला सांगता आलं नाही. चार बायका जमल्या की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

नवरा गेला की बाई वाळते, असा आमच्याकडे समज आहे. मी वाळले नाही, फुगले. हे धरणगावला कापसाच्या जिनात वजनकाट्यावर कारकून होते. ते आजारी पडले तेव्हा धुळ्याच्या अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेने, स्वतःच्या सोन्याच्या पाटल्या मोडून सव्वाशे रुपये औषधाला दिले. औषध झालं, माणूस राहिला नाही. मी जळगावला धाकट्या भावाकडे आले. चार वर्षांत माझी जुनी चोळी एका दंडातही शिरेना.

आता कुणी म्हणेल, बाई बसून खात असेल. मी तर उपास करत होते! सोमवार, एकादशी, चतुर्थी, आणि मध्ये कुणी सांगितला म्हणून शनिवारही. उपासाला असतं काय, तर साबुदाण्याची खिचडी, तिच्यात ओंजळभर दाण्याचं कूट, शिंगाड्याचा शिरा, रताळी, भगर आणि वर दाण्याची आमटी. शेजारणी म्हणत, काय बाई निष्ठा. निष्ठा अशी अंगावर दिसत होती.

धुळ्याला एका लग्नात मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसले होते. पुढे जायचं नव्हतंच. अक्का आल्या, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि भरल्या पडवीत म्हणाल्या, "मन्या पाटल्या तुना दंडवर चढी ग्यात वं बाई."

अक्कांच्या पाटल्या माझ्या दंडावर मांस होऊन चढल्या, म्हणून बायका हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार. पण परतीच्या गाडीत चाळीसगावपर्यंत डोळ्यांना पदर लावून बसले. अक्कांचं पाहिलं तर चुकलं काय? देणेकऱ्याने निदान बारीक तरी असावं. अंगावर एवढं मांस घेऊन मी म्हणत होते की माझ्याजवळ पै नाही. कोण विश्वास ठेवील? ह्यांच्या आजारपणाला दिलेले पैसे मी खाल्ले, असं ते अंग चारचौघांत सांगत फिरत होतं. ते पैसे फेडल्याशिवाय मरायचं नाही, एवढं तेव्हा ठरलं.

फेडायचे कशाने? मला एकच गोष्ट चांगली येते, ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड, म्हणजे बिबडे, आणि उडदाचे पापड. पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या घरी त्याला मागणी होती. पण बिबडे वाळतात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, उन्हात, आणि धाब्यावर जायला शिडी. तिसऱ्या पायरीवर मला धाप लागायची. गुडघे म्हणायचे उतर. शिवाय पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खायची मला सवय, त्यामुळे पापड कमी आणि मीच जास्त व्हायचे.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या देवळात एक पेन्शनर मास्तर दुपारी बायकांना योगशास्त्र सांगू लागले. सगळे त्यांना आबा म्हणत. बायकांना हव्या होत्या कृष्णाच्या गोष्टी, आणि आबा सांगायचे यम, नियम, मिताहार. अर्ध्या बायका पेंगायच्या. मी खांबामागे बसून ऐकायची आणि मनात चिडायची. आबा म्हणत, पोटाचे दोन भाग अन्नाने भरावे, एक पाण्याने, एक वाऱ्यासाठी मोकळा ठेवावा. त्यांना बोलायला काय जातं! जन्माचा पोटाचा विकार, दोन घास जास्त गेले की रात्रभर तळमळायचे. अशा माणसाला मिताहार सोपाच.

तरी मी करून पाहिलं, आणि अडाणी माणूस करतं तसं केलं. दुपारचं जेवणच सोडलं. सहाव्या का सातव्या दिवशी चुलीपुढे घेरी आली आणि संध्याकाळी मी उभ्या उभ्या अर्धी परात भरून पीठ लाट्या करून संपवलं. देवळात एका बाईकडून आबांना विचारवलं, की उपाशी राहूनही अंग का उतरत नाही. आबा खांबाकडे बघून म्हणाले, "उपाशी मरणं म्हणजे योग नव्हे. तीही हावच, उलट्या तोंडाची. घास घेण्याआधी दोन श्वास थांबा आणि बघा, हात कोण पुढे करतंय. भूक, का आणखी कुणी? बघायचं फक्त. रागवायचं नाही."

रागवायचं नाही म्हणे. मला तर त्यांचाच राग आला. पण बघणं फुकट होतं, म्हणून बघू लागले.

सकाळी हात भूक पुढे करायची. दुपारीही. पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर टोपल्यात दोन-तीन कळण्याच्या, उडीद-ज्वारीच्या भाकरी आणि पातेल्यात वरण उरायचं, ते मी रोज बसून संपवायची. तिथे थांबून पाहिलं तर भूक नव्हतीच, होती भीती. आश्रित बाईने अन्न टाकलं तर भावजय काय म्हणेल, ही भीती भाकरी मोडत होती. मी एवढी वर्षं भीतीला जेवू घालत होते.

हे कळायला आठ दिवस लागले आणि भावजयीशी बोलायला महिना. शेवटी एका सकाळी ती भाकरी थापताना म्हटलं, दोन भाकरी कमी टाक, मला उरलेलं खाववत नाही. तिचा हात परातीतच राहिला.

"मी कधी म्हटलं ताई, उरलेलं खा म्हणून?"

"नाही म्हटलंस. पण वाया जातं ना."

"अहो, तुम्ही रोज सगळं संपवता, म्हणून मी रोज जास्त थापते. मला वाटायचं तुम्हाला तेवढं लागतंच. कमी पडलं तर तुमचे भाऊ म्हणतील, बहिणीला उपाशी ठेवते."

उरतं म्हणून मी खायची, आणि मी खाते म्हणून ती उरवायची. दोघी एकमेकींची मर्जी राखत होतो आणि अंग माझं वाढत होतं. कपाळाला हात लावावा का भिंतीला कपाळ, कळेना. तिलाही हसू आवरेना. "आणि ते पीठ किती गेलं," म्हणाली.

त्या दिवसापासून भाकरी माणशी मोजून. साबुदाण्याचे उपास मी सोडले तेव्हा देवळात चर्चा झाली. आबांचा एक शब्द मात्र धरून ठेवला, अभ्यास. म्हणजे आज चुकलं तर उद्या परत, तोंड न पाडता. लाट्यांपुढे मी पुष्कळदा हरले. परत बसले. वर्षभराने शिडी चढून धाब्यावर गेले आणि धाप न लागता गावातली बठ्ठी, म्हणजे सगळी, धाबी एकदा नजरेखालून घातली.

मग सुरू झाली दुसरी कटकट. बाई रोडावली, हिला क्षय तर नाही? भावजय जेवायला घालत नसेल. जी शेजारीण मला पिंप म्हणायची तीच भावजयीला सुनावून गेली, आणि ती बिचारी पदर डोळ्याला लावून मला म्हणते, ताई, लोकांसाठी तरी थोडं तूप घ्या. जाड असताना नवऱ्याचं दुःख नाही, बारीक झाले तर भावजय सैतान. या लोकांना बाईचं अंग नेमकं केवढं हवं असतं, ते कुणी एकदा दोरी लावून सांगावं. पुढे लढाई लागली, रेशन आलं, सगळेच उतरले, तेव्हा कुठे माझा विषय थांबला.

मी बिबडे करत राहिले. पहिले पैसे अक्कांकडे घेऊन गेले तेव्हा त्या माझ्याकडे बघून घाबरल्या. "पैसा फिटापर्यंत जगजो माय," म्हणाल्या. ते काळजीने का हिशेबाने, मी विचारलं नाही. दर उन्हाळ्यानंतर धुळ्याला एक खेप करायची, थोडे थोडे द्यायचे. कधी पंधरा, कधी नुसते सात. पिठाचे भाव चढले त्या वर्षी काहीच नाही, आणि त्या वर्षी अक्कांनी बोलून घेतलं.

शेवटच्या खेपेला त्या ओसरीवर ऊन खात बसल्या होत्या, डोळ्यांनी कमी दिसायचं. मी नाणी त्यांच्या ओटीत घातली. त्यांनी बोटांनी चाचपून दोनदा मोजली, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि सुनेला हाक मारून सांगितलं, हिच्याकडे माझं आता काही राहिलं नाही. सून हो म्हणाली. बठ्ठे फिटले.