आतोबांची चांगली हवा

जगातल्या कुठल्याही मोजमापावर माझ्या आतोबांनी पहिल्या फटक्यात विश्वास ठेवला असेल, तर मी मिशी उतरवीन! आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लष्करातल्या गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून साताऱ्यात स्थायिक झालेले. बाजारात भाजीवालीला ते आधी रिकामी तागडी उचलून दाखवायला लावत. "आवं सुभेदार, मेथी घ्यायला आलाय का तागडी?" असं ती बिचारी करवादे. मी नोकरीच्या निमित्तानं त्यांच्याकडे राहत होतो, तेव्हा एकदा तापानं फणफणलो. तर या गृहस्थांनी थर्मामीटर आधी स्वतःच्या तोंडात धरला. "आधी चांगला माणूस मोजायचा, मग आजारी," म्हणाले, आणि सावकाश धुऊन माझ्याकडे दिला. तोवर भाच्याचा ताप कंटाळून निघून गेला, असं आत्या पुढं कित्येक दिवस शेजारणींना सांगत होती.

त्यांची एक जुनी पांढरी मोटार होती. तिच्यावर त्यांचा जीव, आणि तिच्यात आत्याचा जीव घुसमटायचा. आत्याला दमा. धुळीनं उबळ येते म्हणून काचा वर करायच्या, आणि काचा वर केल्या की पेट्रोलच्या वासानं धाप लागायची. तिकडे रहिमतपुरात तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे चुलते, अंगावरून वारं गेल्यानं अंथरुणाला खिळलेले. एसटीचा धूर तिला सोसत नव्हता, आणि मोटार दर वेळी कोरेगावच्या अलीकडूनच माघारी वळायची. "दादाला एकदा बघायचं हाय," एवढंच ती म्हणायची. हट्ट कधी केला नाही. त्याचंच आतोबांना जास्त लागायचं. गाडी पेट्रोल जास्त पिते आणि न जळलेलं मागं ओकते, असं त्यांचं पक्कं निदान होतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पलटणीतल्या एका दोस्ताच्या मुलानं त्यांना परदेशातून ऑक्सिजन सेन्सर पाठवला. स्पार्क प्लगसारखा दिसणारा, बॅटरीवर तापणारा आणि सोबतच्या मीटरवर काट्यानं आकडा दाखवणारा. तो सायलेन्सरच्या नळीत बसवला की धुरात प्राणवायू किती उरला ते कळतं, आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करणारा कार्बोरेटरचा स्क्रू पिळायचा. मात्र त्याआधी सेन्सरला मोकळी, स्वच्छ हवा दाखवून मीटरचा काटा त्या खुणेवर आणावा लागतो. झालं! आतोबांच्या मनासारखंच यंत्र भेटलं. "बघ गड्या, यालाबी आधी चांगली हवा मोजायची हाय!" एरवीची शिस्तीची भाषा विसरून ते गावच्या बोलीत आले, म्हणजे स्वारी खूश.

मग सुरू झाला चांगल्या हवेचा शोध. अंगणात शेजाऱ्यांच्या बंबाचा धूर, म्हणून अंगण बाद. कोरेगाव रस्त्याला गुऱ्हाळं पेटलेली, म्हणून ती बाजू बाद. एका रविवारी आम्ही थेट यवतेश्वरच्या पठारावर गेलो. तिथं एक गुराखी विडी पेटवत होता. आतोबांनी त्याला इतक्या अदबीनं लांब जायला सांगितलं, की तो घाबरून गुरं घेऊनच पळाला. तरीही काटा खुणेवर ठरेना. डुगडुगायचा आणि खाली उतरायचा. "सातारची हवाच बिघडली," असं म्हणून त्यांनी पठाराकडे पाठ फिरवली.

शेवटी राहत्या घराची गच्ची. बॅटरी मी वर वाहून नेली. आतोबांनी खिशातल्या पेट्रोलच्या फडक्यानं सेन्सर पुसला, फडकं परत शर्टाच्या खिशात कोंबलं आणि सेन्सरवर ओणवे झाले. वर्कशॉपची जुनी सवय. पुसल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही, आणि फडकं खिशातून हलवायचं नाही. मलाही त्या वासाची इतकी सवय झाली होती की तो येईनासाच झालेला. काटा पुन्हा उतरला. आत्या तिथंच सांडगे वाळत घालत होती. तिनं तोंडाला पदर लावला.

"आवं, वास तुमच्याच खिशातनं येतोय."

आतोबांनी फडकं काढून माझ्याकडे दिलं. शर्टही काढला. मी दोन्ही खाली ठेवून आलो, तर काटा खुणेवर गपगार उभा! पण ते मीटरकडे बघतच नव्हते.

"गाडीतपण हाच वास येत होता?"

"व्हय. थोडा गाडीचा, बराचसा त्या फडक्याचा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

आत्या सांडगे घालता घालता म्हणाली, "तुमी पलटणीतनं रजेवर यायचा, तवा ह्योच वास घिऊन यायचा. दारात वास आला की मला लय बरं वाटायचं. मागनं दमा लागला, त्याला तुमी काय करणार? त्या वासाला वंगाळ कसं म्हनू?"

आतोबा कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. मग खाली येऊन सेन्सर नळीत बसवला, कार्बोरेटर जुळवला, सगळं अगदी मन लावून केलं.

पुढच्या रविवारी धुतलेल्या कपड्यांत ते गाडीत बसले. कोरेगाव मागं पडलं तरी आत्या खोकली नाही. बोललो तर दृष्ट लागेल असं वाटत होतं. रहिमतपुरात चुलत्यांनी चालता हात पुढं केला आणि जड जिभेनं विचारलं, "एवढ्या वर्सांनी गं?"

"रस्ता लय खराब व्हता, दादा," आत्या म्हणाली.

आतोबा उंबऱ्यातच थबकले. स्वतःचे हात नाकाशी नेऊन हुंगले, आत काही आले नाहीत. माझ्या चुलतीला त्यांनी हलक्या आवाजात साबण मागितला, आणि परसातल्या हौदावर बसून ते कोपरापर्यंत हात धूत राहिले. चहा दोनदा गरम करावा लागला.