पडद्यांना जुळणारी खुर्ची

आईची पाठ आणि गुडघे दोन्ही एकदमच बिघडले. अंबरनाथला दादाच्या हॉलमधल्या सोफ्यावरून तिला उठवायचं तर कुणीतरी हात द्यावाच लागायचा. सोफा बुटका आणि नको इतका मऊ. ती त्यात बसली की रुतायची. दादा-वहिनी दोघंही सकाळी कामाला जायचे आणि घरी आई आणि तिला सांभाळणारी बाई एवढीच असायची. एकदा बाई खाली भाजी आणायला गेली असताना आई एकटीच उठायला गेली आणि टीपॉयवर आपटली. कपाळाला टाके पडले.

टाके काढून झाले तेव्हा घरी व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "आजींना चांगली रिक्लायनर घ्या. पण मऊ नको. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि खुर्चीचे हात असे भक्कम हवेत की जोर देऊन उठता येईल."

मी हे काम लगेच अंगावर घेतलं. मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही, आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आईला माझ्याकडे आणायचं मनात कितीही असलं तरी ते जमत नव्हतं. निदान तिची खुर्ची तरी मी निवडीन असं मला वाटलं.

दादाच्या गाडीतून आम्ही तिघं उल्हासनगरला कॅम्प दोनला गेलो. तिथे फर्निचरची दुकानं एकाला एक लागून. पहिल्या दोन दुकानांत आईला खुर्च्यांनी गिळूनच टाकलं. पाय लोंबकळत होते आणि पाठीमागे एवढी पोकळी की माझा अख्खा हात आत जाईल. दुकानदार म्हणत होता, "दीदी, एकदम सॉफ्ट है, बादल जैसा." मी म्हटलं, "आम्हाला बादल नको, खुर्ची हवी." आई हसली. बऱ्याच दिवसांनी तिला तसं हसताना पाहत होते.

तिसऱ्या दुकानातले सिंधी काका वयस्कर होते. त्यांनी आईला आधी कुठेच बसवलं नाही. तिच्याशी बोलले, तिच्या उंचीचा अंदाज घेतला आणि आतून एक मोटरवाली खुर्ची पुढे ओढली. "माताजी, इसमें बैठो. कुछ करना नहीं, बस बटन दबाना." आईने बटण दाबलं. खुर्ची मागून हळूहळू वर उचलली गेली आणि आई कुणाचाही हात न धरता उभी राहिली. तिने आमच्याकडे पाहिलं, परत बसली, परत बटण दाबलं. मग मला म्हणाली, "बघ गं, मला कुणी लागतच नाही."

मी सगळं विचारून घेतलं. लाइट गेली आणि आई आडवी झालेली असेल तर? काका म्हणाले, खाली बॅटरी आहे, एकदा तरी सरळ करून देईल. कापड धुता येतं का? कव्हर निघतं. दादा मात्र वेगळंच विचारत होता. पाठ मागे टाकली की भिंतीपासून किती जागा लागते? लहान दारातून आत जाईल का?

"तुझं दार कुठे लहान आहे?" मी म्हटलं.

"असंच विचारतोय," तो म्हणाला.

मग रंग. दादाच्या हॉलला हिरवे पडदे होते, वहिनीने हौसेने शिवून घेतलेले. मी काकांना हिरव्याच्या सगळ्या छटा काढायला लावल्या. दादा म्हणाला, "तुला आवडेल तो घे." मी आईला विचारलं. आईने दोन तुकडे हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि त्यातला एक मला देत म्हणाली, "हा पडद्यांना जाईल." तोच ठरवला. खिडकीजवळ सोफा सरकवून तिथे खुर्ची ठेवायची, म्हणजे तिला टीव्हीही दिसेल आणि रस्ताही, असं मी गाडीत येताना सारखं बोलत होते. दोघंही हो हो म्हणत होते. घरी पोचल्यावर मी वहिनीकडे पडद्यांचं उरलेलं कापड मागितलं. डोकं टेकतं तिथे घालायला एक छोटं कव्हर शिवीन म्हटलं. वहिनी आत गेली आणि तिने कपाटातून कापड आणून दिलं.

पुढच्या आठवड्यात आईला फोन केला तर ती म्हणाली, "आली बाई तुझी खुर्ची. छान आहे." त्या रविवारी मी कव्हर घेऊन न सांगता अंबरनाथला गेले. तिला चकित करायचं होतं.

वहिनीने दार उघडलं. हॉलमध्ये सोफा होता तिथेच होता. खुर्ची नव्हती. आईच्या खोलीतल्या पलंगावर इस्त्रीच्या कपड्यांचे गठ्ठे होते.

"आई कुठे आहे?"

वहिनीचा चेहरा पडला. "ताई, बसा ना. मला वाटलं आईंनी तुम्हाला सांगितलं. त्या सांगते म्हणाल्या होत्या."

बारवी धरणाच्या रस्त्याला एक वृद्धाश्रम आहे. चांगला आहे, स्वच्छ आहे, डॉक्टर येतात, वहिनी सांगत होती. मी पाणीसुद्धा न पिता बाहेर पडले. दादा घरी नव्हता, त्याला जिन्यातूनच फोन केला.

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?" तो म्हणाला.

"विचारलं होतंस?"

"अगं, तुझ्या घरापासून जवळच आहे की. आमच्यापेक्षा तुलाच सोयीचं."

मी फोन बंद केला.

आश्रमातली आईची खोली लहान होती, दारही अरुंद. खिडकीशी ती खुर्ची होती आणि आई तिच्यात ताठ बसली होती, पाय जमिनीला टेकवून. खुर्ची सोडली तर हिरव्या रंगाचं त्या खोलीत काहीच नव्हतं, भिंती पिवळट आणि पडदा निळा. दुसरी खुर्ची नव्हती म्हणून मी पलंगाच्या कडेला टेकले.

"दादाने जबरदस्ती केली?"

"नाही. मीच म्हटलं त्याला. पडले तेव्हापासून घरात सगळे माझ्याकडे भीतीने बघायचे. सून रजा घ्यायची, मग रात्री दोघांची धुसफुस. मला ऐकू येतं गं अजून."

"दुकानात गेलो तेव्हा ठरलं होतं?"

"हो."

"मग पडद्यांना जाईल असं का म्हणालीस?"

"तू इतकी खुशीत होतीस. माझी जीभच उचलेना."

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला तुझ्याकडे नेलं असतंस. तुझी सासू तशी, तीन जिने. तुला नाही म्हणता आलं नसतं."

"हो की नाही, ते मला म्हणू द्यायचं होतंस," मी म्हणाले. "तुम्ही तिघांनी मला खेळवलंत. रंग निवड म्हणालात."

"चुकलं असेल," आई म्हणाली.

दादाने लपवलं याचा राग आला होता, पण तो निदान रागच होता. आईच्या त्या 'असेल'ने मात्र मी आतून हलले. लहानपणापासून घरातल्या गोष्टी ती मला आधी सांगायची. बाबांचं आजारपणही दादाच्या आधी मला कळलं होतं. आणि या वेळी ती माझ्याबरोबर कापडाचे तुकडे निवडत बसली होती.

दादाशी मी अजून धड बोलत नाही. भाऊबीजेला ओवाळलं, तबकात त्याने काय घातलं ते पाहिलंही नाही. आईकडे दर गुरुवारी जाते. खुर्ची उत्तम आहे, ते मला कबूल करावंच लागतं. ती स्वतःची स्वतः उठते, व्हरांड्यात फिरून येते. शेजारच्या खोलीतल्या आजी तिच्याकडे बसायला येतात आणि बटण दाबून बघतात. तिची तब्येतही सुधारली आहे.

पण आमच्यात काहीतरी मोडलं ते मोडलं. पूर्वी ती म्हणायची जेवले, की माझ्या दृष्टीने ती जेवलेली असायची. आता तिने काहीही सांगितलं की मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहते. परवा म्हणाली, "इथं मला बरं वाटतं. झोपही लागते." मी मान हलवली, तिची वेणी घातली आणि निघाले. बाहेर व्हरांड्यात तिथली सेविका भेटली. तिला मी हळूच विचारलं, "आईला रात्री झोप लागते ना?" ती हो म्हणाली, तेव्हा कुठे मी रिक्षाला हात केला.