चिंबोरीच्या दोन नांग्या

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, खिशात ठेवायचा घडीचा चाकू घ्यायचाय. दुकानात हे एवढ्या हत्यारांचे चाकू आहेत. रोजच्या वापराला त्यातली कोणती हवीत?" मी म्हटलं, विचार करून लिहिते. तो हसला. आजीला यातलं काय कळणार, असं त्याला वाटलं असेल. पण या प्रश्नावर आमच्या घरात एकदा सगळ्यांनी बसून विचार केला होता. ज्या चाकूवरून केला, तो तुमच्या आजोबांचा होता.

तुमचे आजोबा पनवेलला शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मुंबईच्या फुटपाथवर लष्करातलं उरलंसुरलं सामान विकायला येई, त्यात त्यांना हा चाकू मिळाला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो त्यांच्या खिशात होताच. एक मोठं पातं, एक छोटं, डबा फोडायचं हत्यार, बूच काढायचा स्क्रू, पेचकस, भोक पाडायचा टोच्या आणि एक जाड, वाकडा आकडा. हा आकडा कशासाठी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी कॉलेजात इंग्रजी कादंबऱ्या वाचलेल्या. मी सांगितलं, घोड्याच्या खुरात खडा अडकला तर तो काढायला असतो.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि घोडा कुठाय आपला?"

"नाक्यावर टांग्याचे आहेत की, आई," आजोबा म्हणाले.

"मग टांगेवाल्यालाच दे नेऊन. मास्तराच्या खिशात घोड्याचं काय काम?"

सगळी पाती एकदम उघडली की तो चाकू खेकड्यासारखा दिसे. आमच्याकडे मासे खात. खाडीतल्या चिंबोऱ्या बाजारात येत, आणि सासूबाई त्या फार छान करत. त्यांनी चाकूचं नावच चिंबोरी ठेवलं. "तुझी चिंबोरी पाटावरून उचल, पानं घ्यायचीत," असं त्या म्हणत.

त्यांचा एक नियम होता. मीठ, मिरची आणि धारेची वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. दिली की त्या दोघांत भांडण होतं. वस्तू खाली ठेवायची, ज्याला हवी त्याने उचलून घ्यायची. मला ते पहिल्यांदा खुळचट वाटलं, पण घरात भांडण नको म्हणून मी पाळू लागले, आणि मग सवयच झाली. आजोबांनी चाकू मागितला की मी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत असे, ते उचलत.

सकाळी शाळेत जाण्यापूर्वी ते त्या खिडकीशी वर्तमानपत्र पसरून बसत आणि छोट्या पात्याने पेन्सिलींना टोकं काढत. शार्पनरचं टोक त्यांना चालत नसे. ते म्हणत, ती पेन्सिल नुसती छाटलेली असते. लाकूड लांब, निमुळतं उतरवायचं, शिसं उघडं ठेवायचं, आणि शेवटी पात्याची पाठ हलकेच फिरवायची. फळ्यावर खडूच्या चार रेघांत कर्नाळ्याचा सुळका काढत. उभ्या अंगठ्यासारखा तो सुळका. पनवेलच्या पोरांना तो पहिल्या रेघेतच ओळखू येई.

त्यांचा अंगठा आधी गेला. मोठं पातं नखाने उघडेना. त्यांना वाटलं, खारी हवा आहे, गंज धरला असेल. शिवणयंत्राचं तेल घालून पाहिलं. मग मलाच एकदा दिसलं की उजव्या अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल भाग असतो, तिथे खळगा पडलाय. आम्ही मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात पुन्हा पुन्हा दाबून पाहिला आणि सांगितलं, स्नायू सुकत चाललेत, याला औषध नाही.

परतीच्या मोटारीत आजोबा खिडकीबाहेर पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, "पेन्सिलीला टोक माझ्या हाताने निघतंय तोवर मी शाळेत जाईन. निघणार नाही त्या दिवसापासून नाही."

"अहो, टोक मी काढून देईन की."

"तू देशील गं. पण मग मी मुलांना काय शिकवतोय?"

त्यानंतर मी रोज सकाळी त्या खिडकीकडे लक्ष ठेवून असे. लक्ष नाही असं दाखवून.

चाकू त्यांना जड होऊ लागला होता आणि सगळ्याच पात्यांच्या स्प्रिंगा कडक होत्या. बाजारात कुलपं आणि छत्र्या दुरुस्त करणारे एक चाचा होते. ते म्हणाले, नको ती पाती काढून टाकू, मग उरलेल्यांना ढिलं करता येईल. म्हणून एका सुटीच्या दिवशी आजोबांनी चाकू वर्तमानपत्रावर ठेवला. मला तो उघडायला सांगितलं आणि म्हणाले, "बोला. काय ठेवायचं?"

सासूबाईंचं आधीच ठरलं होतं. "ती बाटलीची शेपटी पहिल्यांदा काढ. कोणी बघितलं तर काय म्हणेल, मास्तर काय उघडतात म्हणून?"

"आजवर काही उघडलं नाही, हेच दुःख आहे आई."

"मेल्या!"

डबा फोडायचं हत्यार मला हवं होतं. वर्षातून एखादा डबा घरात येई, पण तो फोडायला दुसरं काही नव्हतं. ते म्हणाले, "एका डब्यासाठी मी वर्षभर हे ओझं वागवू?" पेचकस गेला. टोच्या गेला. मोठ्या पात्याशी ते जरा अडले. आंबे कापायचं ते पातं, दोरखंडही त्यानेच कापत. पण ते त्यांना उघडताच येत नव्हतं. त्यांनी स्वतःच ते बाजूला सरकवलं.

"चिंबोरीचं असंच असतं," सासूबाई म्हणाल्या. "बारीक पाय वाटून टाकायचे. नांग्या तेवढ्या ठेवायच्या."

पेन्सिलीचं छोटं पातं ठेवलं. दुसरी नांगी म्हणून त्यांनी घोड्याचा आकडा ठेवला. मी हसले. सासूबाई म्हणाल्या, "ह्याचा घोडा काय सुटत नाही."

मी त्यांच्याबरोबर चाचांकडे गेले. चाचांनी चाकू उलटासुलटा केला. "मास्तर, स्प्रिंग एवढी ढिली केली तर हा चाकू राहायचा नाय, पंखा होईल. खिशात आपसूक उघडला म्हणजे, अल्ला न करो..."

"जपून ठेवीन, चाचा. आणि हा आकडा कानशीने घासून बारीक करा. अगदी बारीक."

चाचा आणखी काही थट्टा करणार होते. तेवढ्यात आजोबांनी आकडा दाखवण्यासाठी हात पुढे केला, आणि तो हात पाहून चाचांनी कानस उचलली. काढलेल्या पात्यांच्या जागी त्यांनी पितळेच्या चकत्या घातल्या, म्हणजे चाकू खुळखुळू नये.

आकड्याचं कारण मला काही आठवड्यांनी कळलं. सकाळी मी पाण्याचा तांब्या द्यायला आत गेले, तर ते पाठमोरे उभे होते. तो बारीक आकडा त्यांनी शर्टाच्या काजातून घातला होता, आणि त्याने बटण अडकवून बाहेर ओढत होते.

"अहो, हे काय?"

ते वळले नाहीत. "खुरातला खडा काढतोय," म्हणाले.

मी तांब्या ठेवून बाहेर आले.

असं वर्षभर चाललं असेल. रोज एकच पेन्सिल, मग दोन दिवसांआड एक. मी चाकू कट्ट्यावर ठेवी. सपाट चाकू त्यांच्या बोटांना उचलेना, म्हणून मी खाली रुमालाची घडी ठेवू लागले, म्हणजे बोटं शिरायला जागा राहील. ते म्हणाले, "रुमाल कशाला?" मी म्हटलं, "कट्टा ओला आहे." कट्टा कोरडा होता, हे त्यांनाही दिसत होतं.

एक दिवस रुमालानेही भागेना. शाळेची वेळ होत आली होती. तुमची आई, तेव्हा नुकती चालू लागलेली, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती. बोटं चाकूवर जात आणि घसरत. पुन्हा जात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला पुढे होता येईना. नियम होता म्हणून नव्हे. मी उचलून दिला, तर टोक त्यांच्या हाताने निघालं असं ते धरतील का, तेच मला ठरवता येईना.

सासूबाई देवापाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, खिडकीशी आल्या, चाकू उचलला, पातं उघडलं आणि चाकू सरळ आजोबांच्या तळहातात ठेवला. त्यांची बोटं आपल्या हातांनी त्यावर मिटवली.

"घे," म्हणाल्या.

आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. आयुष्यात आईने त्यांना साधी मिरची कधी हातात दिली नव्हती. मग ते ओरडले. आईवर आवाज चढवलेला मी तेवढाच ऐकला. "मी काय पांगळा झालोय? कोणी सांगितलं होतं तुला? नियम तुझाच ना? मग मोडलास कशाला?"

त्या जागच्या हलल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या म्हणाल्या, "बघ. म्हटलं नव्हतं, भांडण होतं?"

त्यावर ते हसले. आम्ही तिघंही हसलो, आणि तुमची आई आम्हाला हसताना बघून टाळ्या वाजवू लागली. त्यांनी पेन्सिल डाव्या हातात धरून पातं लाकडावर टेकवलं. एक कपची निघाली. दुसऱ्या वेळी पातं निसटलं आणि शिसं मोडलं. त्यांनी चाकू मिटायला माझ्याकडे दिला. हातातूनच दिला. मग शर्टाची वरची बटणं काढायला सांगितली. त्या दिवशी ते शाळेत गेले नाहीत, आणि पुढे कधीच नाहीत.

त्यानंतर पेन्सिली मी करत असे. एखादा विद्यार्थी घरी चित्र दाखवायला येई, त्याच्यापुढे मी टोक काढून ठेवी. ते टोक बघून म्हणत, "बरं आहे." बरं नसे. मी लाकूड फार आखूड उतरवत असे, आणि आधीचे ते असते तर त्यांनी पुन्हा काढायला लावलं असतं.

ते सासूबाईंच्या आधी गेले. त्यांच्यामागे सासूबाई होत्या तोवर घरात चिंबोऱ्या आल्या नाहीत.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पातं असं घे, की तुझ्या नखाने सहज उघडेल. छोटं पातं मोठ्यापेक्षा जास्त लागतं. डबा फोडायचं हत्यार तुमच्याकडे लागत असेल तर घे. माझं मत अजूनही त्याच्याच बाजूने आहे. आणि एखाद्या हत्याराचा उपयोग कळला नाही, तर ते लगेच काढून टाकू नकोस.

त्यांचा चाकू खिडकीच्या कट्ट्यावरच आहे. केर काढताना मी उचलते, पुसते आणि परत तिथेच ठेवते. तुमच्यापैकी ज्याला हवा असेल, त्याने येऊन उचलावा.