दाजींची हजेरी

माझा मुलगा मोबाईलवर ज्याला रॅप म्हणतो, ते आमच्या दाजींनी बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वाशी गावाजवळच्या खडीवर सुरू केलं, आणि गळा नसताना त्यांच्याइतका गाजलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. त्यांना गाणं येत नव्हतं. "गळा न्हाय, पर दम हाय," असं स्वतःच सांगायचे आणि एका दमात वीस ओळी अशा तालात बोलायचे, की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा.

खडी फोडायच्या कामावर मुकादम सकाळी हजेरी घ्यायचा. त्याच्या कागदावर घरी बसलेल्यांचीही नावं असत. दाजींना त्याची भारी चीड. म्हणून त्यांनी दुपारची स्वतःची हजेरी सुरू केली. उपडं घमेलं दगडाने वाजवायचं, एकेका बाईवर चार ओळी बोलायच्या आणि शेवटी विचारायचं, "हाय का?" बाईने हातोडा हाणत "हाय" म्हणायचं. मी तिथं पाणी वाटायला होते, त्यामुळे मला अजून पाठ आहे:

"शांताबाई तेरखेड्याची,
जीभ तिची फटाक्याची,
खडी फुटती आवाजानं,
गरज न्हाय हातोड्याची. हाय का?"

शांताबाई "हाय" म्हणायच्या आधी दोन शिव्या हासडायची, आणि त्याही तालात बसायच्या. अक्का मुळात अबोल. तिच्या ओळी अशा होत्या:

"सखू माझ्या घरची,
लई कमी बोलायची,
रुसली तर चुलीलाबी
न्हाय कळू द्यायची. हाय का?"

अक्का मान वर न करता "हाय" म्हणायची. बायका हसायच्या. ती हसायची नाही, पण तिचा हातोडा कधी ठोक्याबाहेर पडला नाही.

पुढे पाऊस झाला, कामं बंद पडली, दाजींचं तोंड मात्र चालूच राहिलं. गावात दूध सोसायटी निघाली आणि दाजी तिथं माप घ्यायला लागले. ज्याच्या किटलीत पाणी जास्त, त्याच्यावर सगळ्या रांगेसमोर चार ओळी व्हायच्या. लोक रागवायचे, पण दुसऱ्या दिवशी दूध घट्ट यायचं. जयंतीच्या मिरवणुकीत हलगीवाला त्यांच्या मागे धावून दमायचा. मी दवाखान्यात नर्स झाले, तर पोट दुखतंय हेसुद्धा त्यांनी टेबल वाजवून सांगितलं. मी म्हटलं, "दाजी, गोळी घ्या आणि गप बसा." ते म्हणाले, "नर्सबाई, गप बसलो की जास्त दुखतंय."

त्यांच्यासाठी मी टेपरेकॉर्डर घेतला आणि एक कॅसेट. खडीवरच्या जुन्या बायका अंगणात गोळा केल्या, दगड मांडले, हातोडे आणले. शेजारणीची कोंबडी मध्ये मध्ये बोलली, पण हजेरी सगळी भरली. अक्काचंही "हाय" आलं, हळू, पण नेमकं ठोक्यावर.

मी बजावलं होतं, नव्या ओळींना नवी कॅसेट घ्या. दाजी म्हणाले, "तोंड एक हाय, दुसरी कॅसेट कशाला?" केलेलं शिळं झालं, असं त्यांचं मत. नवीन सुचलं की जुन्यावर भरायचे. असं करत त्यांची सगळी कारकीर्द एकाच कॅसेटवर झाली, आणि शिल्लक राहायचं ते फक्त शेवटचं.

टेप घेतला त्याच वर्षी अक्का तापाने गेली. तिसऱ्या दिवशी दाजींनी सगळ्यांसमोर कॅसेट लावली. तिचा आवाज ऐकायचा होता. टेपमधून निघालं ते दुधातलं पाणी. शेवटपर्यंत तेच. दाजींनी बटण बंद केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्याच पुसलं गं."

 

वर्षभर ते साधं बोलले, तुमच्याआमच्यासारखं. ते ऐकवत नव्हतं. मग एक दिवस बायका परत जमवल्या, दगड मांडले आणि मला म्हणाले, "तुजा आवाज थेट तिच्यावाणी हाय. तिच्या जागी तू म्हण."

मी म्हटलं, "दाजी, हजेरी तिची. ती मी कशी लावू? खोट्या हजेरीवर तुम्हीच एवढे भांडलात."

त्यांनी घमेल्यावरची धूळ पुसली. "व्हय," म्हणाले. "खरंय." मग बटण दाबलं आणि त्याच कॅसेटवर सगळी हजेरी परत घेतली.

त्या दिवसानंतर त्यांनी टेपचं बटण दाबलं नाही. मी नवी कोरी कॅसेट नेऊन दिली होती, ती तशीच गुंडाळलेली राहिली.

आता दाजीही नाहीत. कॅसेट माझ्याकडे आहे. रविवारी भाजी निवडताना लावते. कोंबडी या वेळी नाही. अक्काच्या चार ओळी येतात, "हाय का?" येतं, आणि मग घमेलंही थांबतं. एका ठोक्याएवढीच जागा आहे, पण दाजी तेवढ्यात खरोखर वाट बघतात, हे ऐकू येतं. मग शांताबाईचं नाव, शिव्या, पुढचा सगळा गलका.

मी तेव्हा बरोबरच बोलले होते. तरी त्या जागेवर माझा हात भाजीत थांबतो आणि तोंड उघडतं.