बिनसाखरेचा चहा

मसाटच्या कारखान्यात गेली अकरा वर्षं माझ्यापुढे बिनसाखरेचा चहा येतो. का, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही — आणि तिच्याशी तर मी रोज फोनवर भांडते. तुम्हालाच का सांगतेय? काय की.

मी धुळ्याकडची. आता इथे सिल्वासात, आमलीला स्वतःच्या दोन खोल्या आहेत. सूत कारखान्याला कामगार बायका मी पुरवते. दर ठरवायला मी बसले की मॅनेजर पंखा वाढवतो, असं बायका हसून सांगतात. बसायला बाकं, प्यायला थंड पाणी — सगळं भांडून मिळवलं. भांडायला मी भीत नाही. म्हणजे — तसं मी समजत होते.

मला घरात मुलगा म्हणून वाढवलं. सिल्वासात हे कुणाला ठाऊक नाही. इथे आले ती बाई म्हणूनच. मी रोज गोळ्या घेते. त्यातली एक शरीरातलं पुरुषी हार्मोन दाबून ठेवते. मुळात ती ब्लडप्रेशरची, पाणी काढणारी. तासा-दीड तासाला लघवीला जावंच लागतं. आणि तेव्हा आमच्याकडे मशीनच्या दर लाइनला एकच बिल्ला — लाकडी, दोरीत ओवलेला. तो गळ्यात असेल तरच मशीन सोडायचं. तो परत येईपर्यंत बाकीच्यांनी दम धरायचा.

पहिल्या वर्षी मीही मशीनवर होते. बायका कुरकुरल्या, तेव्हा सांगितलं, मला शुगर आहे. सगळ्या हळहळल्या. त्या दिवसापासून माझा चहा वेगळा. मला गोड चहा फार आवडतो हो — पण ते जाऊ द्या. सांगायचं ते वैशालीचं.

वैशाली नंदुरबारची, चोवीस वर्षांची. माझ्यासारखीच, पण तिने लपवलं नव्हतं. कामाला तिला मीच लावलं. एकदा माझ्या पर्समधून गोळ्यांची पट्टी पडली. तिने उचलली, नाव वाचलं, परत दिली. तिच्याकडेही तीच होती. त्यानंतर ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, तिने काही मागितलं नाही. त्याचा मला राग आला — अजून आहे. मागितलं असतं, तर घासाघीस करता आली असती. न मागणाऱ्या माणसाशी काय करायचं?

बिल्ला सारखा हिच्याच गळ्यात, अशी तक्रार झाली. मग वैशालीने पाणी पिणंच सोडलं. मे महिना, पत्र्याची शेड. त्या गोळीवर पाणी तोडलं तर काय होतं, हे मला सुरतच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. तिची बाटली भरलेलीच घरी जाते, हे मी आठवडाभर पाहत होते. पाहत होते — एवढंच.

आठव्या दिवशी ती मशीनशेजारी कोसळली.

तिला पोत्यांना टेकवून बसवलं. सुपरवायझरने सगळ्यांसमोर मला विचारलं, "बेन, हिला आजार काय आहे?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हिलाही शुगर आहे — एवढं म्हणायचं होतं. खोटं तर तयारच होतं, माझंच, वापरून गुळगुळीत झालेलं. किंवा सरळ म्हणायचं, गोळीमुळे होतं, दुसरा बिल्ला द्या. याहून अवघड गोष्टी मी मॅनेजरकडून काढून घेतल्या होत्या. पण दोघींना एकच आजार म्हटलं, की कुणीतरी दोघींकडे एकदम बघणार — नाही का?

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? ह्या लोकांचं असंच असतं."

ह्या लोकांचं.

तिला त्याच दिवशी काढलं. डबा घेऊन निघाली तेव्हा चहा आला होता. तिने माझ्या कपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, शुगर सांभाळा."

आवाजात टोमणा नव्हता. मी किती वेळा तो आवाज आठवून टोमणा शोधलाय — एवढासा जरी सापडला असता, तरी मी भांडले असते तिच्याशी.

ती कुठे गेली, मी विचारलं नाही. पावसाळ्यानंतर मी दर लाइनला दुसरा बिल्ला मागितला. मॅनेजर लगेच हो म्हणाला. समोरचा माझा चहा अजून गरम होता. बिनसाखरेचा.