कोर आणि बटण

माझ्या थोरल्या बहिणीला गाडी लागते. बस सुरू झाली की पहिल्या वळणालाच तिचा चेहरा पिवळा पडतो. जिने सगळी नोकरी रानातल्या हत्तींपायी घालवली, तिने ते रान एकदाच पाहिलं, तेही मांडीवर बादली धरून. त्या खेपेला एकही हत्ती दिसला नाही. परत आल्यावर मी तिला मनसोक्त चिडवलं. तिचं उत्तर ठरलेलं होतं: मी कशाला जाऊ, ते सगळे माझ्याकडे येतात.

येत होते, हे खरं. टायरच्या दुकानावर एक खोली होती. जिना चढताना रबराचा वास यायचा आणि खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरायचा. ती ताईची संस्था. संस्था म्हणजे ताई, साहेब आणि एक करकरणारा पंखा. रानातून आलेले प्रवासी, गाड्यांचे ड्रायव्हर, रखवालदार असे सगळे आपापले फोटो इथे पाठवायचे आणि हा हत्ती कोण, हे ताईने सांगायचं. सगळ्या हत्तींशी तिला कर्तव्य नव्हतं. ज्यांचे सुळे वाढत वाढत जमिनीला टेकायला आले आहेत, असे जुने मोठे नर तेवढे तिचे.

लोकांना वाटतं, असा हत्ती सुळ्यांवरून ओळखत असतील. पण सुळा मोडतो, झिजतो, गवतात लपतो. ताई कान बघायची. काट्यांनी, मारामाऱ्यांनी हत्तीच्या कानाची कड फाटते आणि फाटली की पुन्हा जुळत नाही. आमची आई घरी शिवणकाम करायची आणि लहानपणी काजं करायचं काम ताईकडे असायचं, त्यामुळे कापडाची कड काय आणि कानाची कड काय, तिची नजर तिथेच जायची. लग्नाकार्यातसुद्धा ती माणसांचे कान न्याहाळत बसायची. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा त्याच्या डाव्या कानाला वरती खोच आहे एवढंच तिने मला सांगितलं, स्थळ कसं आहे ते नाही.

ती नोकरीला लागली तेव्हा खोलीची एक अख्खी भिंत या हत्तींच्या फोटोंनी भरलेली होती. असा हत्ती म्हातारा होऊन मरत नाही. तो मरतो सुळ्यांपायीच. बातमी आली की ताई त्याचा फोटो उतरवून कपाटात ठेवायची आणि भिंतीवर रंग न उडालेला एक चौकोन उरायचा. मग असे चौकोन वाढत गेले. नवे नर येत होते, पण त्यांचे सुळे हातभर, काहींना तर नव्हतेच. मोठ्या सुळ्यांचं बीजच माणसांनी रानातून उपटून टाकलं होतं. मी एकदा म्हटलं, ताई, तू हत्ती ओळखत नाहीस, तू त्यांना पोचवायला जातेस. तिला ते लागलं, आणि तरीही मी ते परत घेतलं नाही, कारण ते खरं होतं.

शेवटी भिंतीवर दोन राहिले. एकाच्या डाव्या कानाला अर्धगोल तुकडा गेलेला, म्हणून त्याचं नाव कोर. दुसऱ्याच्या उजव्या कानाच्या खालच्या कडेला शेजारी शेजारी दोन भोकं, म्हणून तो बटण. रानात मधून नदी जाते आणि तिच्या दोन्ही काठांनी दोन रस्ते. कोर अलीकडच्या काठाला दिसायचा, बटण पलीकडच्या. हत्ती रस्ता आणि नदी यांच्या मधून चरत चरत नदीच्या उताराने खाली यायचे आणि परतताना आतल्या झाडीतून जायचे. त्यामुळे अलीकडच्या रस्त्यावरून जनावराची डावी बाजू दिसायची, पलीकडच्या रस्त्यावरून उजवी. समोरून फोटो नव्हतेच. एवढा हत्ती अंगावर येत असताना कॅमेरा रोखून कोण उभं राहील?

ते दोघं कधी एकत्र दिसले नाहीत. घरी आम्ही म्हणायचो, भाऊबंदकी आहे. आमच्या दोन काकांना एका खोलीत बघितलेला माणूसही अजून सापडायचा होता. ताईही हसायची. पण तिच्या कामाचा एक नियम होता: एकाच बाजूच्या फोटोवरून जनावर मोजायचं नाही. म्हणून बरीच वर्षं तिने बटणच्या फोटोखाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. मग एकदा नदी दुथडी भरलेली असताना अलीकडच्या ड्रायव्हरने कोरचा सकाळचा फोटो पाठवला आणि त्याच दिवशी, त्याच वेळेचा बटणचा फोटो एका परदेशी प्रवाशाने पलीकडून पाठवला. एका सकाळी दोन काठांवर एक हत्ती असू शकत नाही. ताईने रबर घेऊन प्रश्नचिन्ह खोडलं. त्या दिवशी तिने सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं.

पलीकडच्या काठाला एक म्हातारे रखवालदार होते. गळ्यात सदा दुर्बीण, म्हणून सगळे त्यांना दुर्बीणमामा म्हणत. ते रोज संध्याकाळी ताईला फोन करायचे. आला होता किंवा नाही आला, एवढाच निरोप. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, पण ताईच्या आवाजावरून मामा तिचं डोकं दुखतंय का ते ओळखायचे. बटणला ते माझा म्हणत आणि कोरला तुमचा. तुमच्याचे सुळे लांब असतील, पण माझा देखणा आहे, असा त्यांचा नेहमीचा वाद. उतारवयात माणसं जावयांची तुलना करतात तसं ते चालायचं.

कोर मेला तेव्हा मी खोलीतच होते, डबा द्यायला गेले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी फोटो पाठवला. उजव्या कुशीवर पडलेला, तोंड कुऱ्हाडीने फोडलेलं, सुळे नाहीत. कान तेवढा ओळखू येत होता. ताईने तो मोठा करून बघितला आणि म्हणाली, कोर आहे. मग उठून खिडकी लावली, वारा नसतानाही. तिने डबा उघडलाच नाही. मी दोन शब्द बोलायला गेले, तर तिने हातानेच गप्प बसवलं.

संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांना कळलं होतं. ते ताईला म्हणाले, "बाई, तुमचा गेला. पण माझा आहे. मी डोळ्यांत तेल घालून राखीन त्याला." तेव्हा कुठे ताई रडली. रडून झाल्यावर घरी येऊन दोन घास जेवलीसुद्धा. एक आहे, एक आहे, असं ती पानावर बसून स्वतःशीच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी गोळी शोधायला डॉक्टरांनी माणसं लावून कोरचं डोकं फिरवलं आणि त्या बाजूचेही फोटो पाठवले. मी डबा घेऊन पोचले तेव्हा ताई पहिला फोटो उघडत होती. उजवा कान, खालच्या कडेला शेजारी शेजारी दोन भोकं. तिने डॉक्टरांना फोन लावला, आणि तिचा आवाज मला ओळखू येईना.

"दुसरा कधी मारला? पलीकडचा?"

डॉक्टरांना काही कळेना. ते म्हणाले, "दुसरा कोण? इथे एकच आहे. मी त्याच्यासमोरच उभा आहे."

"मग हा कान कुणाचा?"

"त्याचाच. हे बघा, हा डावा, हा उजवा."

फोन ठेवून ताईने तो जुना फोटो काढला, परदेशी प्रवाशाचा, ज्याच्यावरून तिने प्रश्नचिन्ह खोडलं होतं. वेळ सकाळची लिहिलेली होती. पण झाडांच्या सावल्या संध्याकाळसारख्या नदीकडे पडलेल्या होत्या. त्या माणसाने कॅमेऱ्यातलं घड्याळ आपल्या देशाचंच ठेवलं होतं. सकाळी अलीकडे चरणारा हत्ती दिवसभरात भरल्या नदीतून पोहून पलीकडे गेला होता आणि संध्याकाळी तिथे त्याचा फोटो निघाला होता. "मी कानच बघत बसले गं," ताई म्हणाली. "सावली बघितली नाही."

एक मेला आणि दोन कमी झाले. नंतर ओळखीतलं एक माणूस मला म्हणालं, चला, निदान दोन मेल्यापेक्षा एकच मेला म्हणायचा. त्या माणसाच्या घरी मी अजून पाऊल टाकलेलं नाही.

साहेब वाईट नव्हते. ते ताईसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी हळूच सुचवलं, बटणच्या नावापुढे सध्या नुसतं दिसत नाही असं लिहू. पलीकडचा पहारा त्याच्या नावावर चाललाय. तो नाही म्हटलं तर मामांसकट सगळे रखवालदार उठवतील आणि मग त्या काठाला जी हातभर सुळ्यांची पोरं उरली आहेत, त्यांनाही कुणी वाली राहणार नाही. ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, तो नव्हताच. नसलेल्याला दिसत नाही कसं म्हणू?" तिने दोन्ही फोटो भिंतीवरून उतरवले, टेबलावर शेजारी ठेवले, डावा कान उजवीकडे, उजवा डावीकडे, तो समोरून येताना दिसला असता तसे. मधे तोंड नव्हतं. समोरून त्याचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता.

मामांना तिनेच सांगितलं. मी शेजारी उभी होते, त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. ते म्हणाले, नाही बाई, माझा वेगळा, तो उजवा सुळा झाडाला घासतो, मी बघितलंय. ताई म्हणाली, तोच तो, मामा.

"म्हणजे तुमचा गेला म्हणून मी तुम्हाला धीर दिला," मामा म्हणाले, "आणि गेला होता तो माझाच."

"आपला," ताई म्हणाली.

पहारा उठला. मामांना घरी पाठवलं. पण त्यांचं घर त्याच काठाला आहे, ते दुर्बीण घेऊन नदीवर जातातच. संध्याकाळी फोनही करत राहिले: नाही आला. सुरुवातीला ताई त्यांना पुन्हा पुन्हा सगळं समजावून सांगायची, कान, कॅमेरा, सावली. ते म्हणायचे, हो बाई, कळलंय मला. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुढे पुढे ती नुसतं बरं म्हणायला लागली. मला राग यायचा. मेलेल्या जनावराची हजेरी काय घ्यायची? मी तसं तिला बोलूनही दाखवलं.

मग एके संध्याकाळी फोन वाजला नाही. मी ताईला न्यायला गेले होते, आम्हाला भाजी घेऊन घरी जायचं होतं. खालचं दुकान बंद झालं, शटर खाली आलं, तरी ती पर्स मांडीवर घेऊन फोनकडे बघत बसलेली. ज्या बाईने तो हत्ती दोन्ही बाजूंनी मेलेला बघितला होता, तिने शेवटी स्वतःच नंबर लावला.

"मामा," ती म्हणाली, "आज आला होता का?"

पलीकडून मामा खोकले. ताप आला होता, म्हणाले, आज जाणं झालं नाही.

"मग उद्या जा," ताई म्हणाली. "नक्की जा. मी वाट बघते."