दिवा लागतो ती भिंत

निपाणीच्या बाजारातली जुनी दुकानं पाडून तंबाखूच्या वखारी उठत होत्या. पाडकामाचा गवंडी रोज भेटायचा, पण नाव मी कधी विचारलं नाही. ‘पाडायचं’ तो म्हणत नसे. ‘उतरवायचं’ म्हणे, डोक्यावरचा भारा उतरवावा तसं. शाळा सोडून मुलखापासून लांब आलेला मी तसल्याच एका दुकानाच्या माळ्यावर राहायचो. दुसरी जागा मिळेना, हे त्याला ठाऊक होतं.

एके दिवशी दुकानाचा मालक त्याला म्हणाला, “आज माळ्याकडची भिंत काढ.”

गवंड्यानं त्या भिंतीतल्या कोनाड्याकडं बोट केलं. “तितं दिवा लागतोय, अण्णा. दिव्याच्या भिंतीला पहार लावत न्हाई आमी.”

मालक कोनाड्याला हात जोडून निघून गेला.

त्या कोनाड्यात मी कधीच दिवा लावला नव्हता.

माझ्याकडं न बघता गवंडी म्हणाला, “तेल हाय न्हवं रं? का मीच आणू?”